तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मोअर दॅन वर्ड्स’ सोपं दिसतं, मग हातात का बसत नाही?

एकच गिटार, दोन गळे, कॉर्डही बहुतेक ओळखीच्या. तरी एक्स्ट्रीम या अमेरिकन रॉक बँडचं हे गाणं आपण वाजवलं की लंगडतं, ते का?

कारण त्यात ड्रमर आहे, फक्त दिसत नाही. व्हिडिओत पॅट बॅजर बेसचा अँप बंद करतो, पॉल गीअरी काड्या खाली ठेवतो आणि दोघांचं काम गिटारिस्ट नुनो बेटनकोर्टच्या उजव्या हातावर येऊन पडतं. अंगठा खर्जाच्या तारेवर, पुढची तीन बोटं चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या तारेवर. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तीच बोटं तारांवर परत पडतात: टक्. हाच स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तो कडक ठोका. बहुतेक जण इथे कोपरापासून हात उचलून थाप मारतात. हात तेवढा वर गेला की पुढचा अंगठा उशिरा पडणारच. मनगट हलवू नका, बोटं तारेपासून सेंटिमीटरभर सुटली तरी पुरे. आणि थाप पडल्यावर ती तिथेच राहू द्या. पुढचा छेड तिथूनच निघतो.

डाव्या हाताचं फार कौतुक नको. दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचं बोट जी, खर्जात बी असलेला जी (G/B) आणि सी ॲड नाइन (Cadd9) या तिन्ही कॉर्डमध्ये जागचं हलत नाही. दरवेळी अख्खा पंजा उचलणारा उगाच दमतो.

रेकॉर्डसोबत वाजवताना सूर जुळत नसेल तर दोष कानाचा नाही. मूळ गिटार अर्धा सूर उतरवलेली आहे: पेटीच्या भाषेत, धरायची पांढरी पाच, ऐकू येते काळी तीन. कॅपोने (गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्याने) सूर चढतो, उतरत नाही, त्यामुळे सहाही खुंट्या पिळायला हव्यात. आधी तार हव्या त्या सुराच्या खाली न्या, मग वर आणा, नाहीतर दोन ओळींत घसरते. बारीक १०चा तारांचा संच अशा वेळी सैल पडून खरखरतो; १२चा बरा.

लय मिनिटाला ९२च्या आसपास. सुरुवात ६०वर करा आणि मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरा. ठेका धरणारं दुसरं कुणी नसल्यामुळे हे गाणं हमखास पळतं.

ऐकणारेही असेच चकले होते. १९९०च्या ‘पोर्नोग्राफिटी’ अल्बममधून आधी आलेली दणदणीत सिंगल्स अमेरिकेत फारशी चालली नाहीत. हे मात्र जून १९९१मध्ये बिलबोर्डवर पहिलं आलं, ब्रिटनमध्ये दुसरं. याच्या भरवशावर कॅसेट घेतलेल्यांना बाकी अल्बमभर फंक-मेटल ऐकावं लागलं! (आमच्या मते फायदा त्यांचाच झाला.) पुढचं ‘होल हार्टेड’ चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, तेही अकूस्टिकच.

दोघं गाणार असाल तर मुख्य गायक गॅरी शेरोनची चाल पक्की गळ्यावर चढल्याशिवाय नुनोचा जोडीचा सूर (हार्मनी) लावायला घेऊ नका, आणि तो लावाल तेव्हा आवाज पहिल्याच्या खालीच ठेवा.