दोन सूत्रं, एकाच घरातली

९ डिसेंबर २०१९, सोमवार. ब्रिटनमध्ये मतदानाला तीन दिवस उरले होते आणि लंडनमधल्या आमच्या न्यूजरूममध्ये दुपारच्या पाळीला लाइव्ह पेज माझ्याकडे होतं. कोण काय बोललं, कोण कुठे पोचलं, याच्या नोंदी मिनिटामिनिटाला टाकत राहायचं काम. छापील अंकात बातमी तीन जणांच्या नजरेखालून जाते. इथे मी बटण दाबलं की नोंद थेट वाचकाच्या हातात.

त्या दिवशी सगळा देश एका फोटोबद्दल बोलत होता. लीड्सच्या सरकारी रुग्णालयात न्यूमोनियाच्या संशयाने आणलेला चार वर्षांचा मुलगा, खाट मिळाली नाही म्हणून जमिनीवर कोट टाकून त्यांवर निजलेला. ‘यॉर्कशायर इव्हिनिंग पोस्ट’ने ती बातमी रुग्णालयाकडून खातरजमा करून मगच दिली होती. सोमवारी आयटीव्ही या वाहिनीच्या वार्ताहराने सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यापुढे मोबाइलवर तो फोटो धरला, तर त्यांनी बघायचं टाळत मोबाइलच काढून घेतला आणि आपल्या खिशात घातला. ते दृश्य सगळीकडे फिरायला लागलं आणि आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक यांना घाईघाईने लीड्सला धाडण्यात आलं.

बाहेर अंधार पडला होता. आमच्या वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे संसदेच्या, वार्ताहराचा फोन आला. “हॅन्कॉकच्या सल्लागाराला लेबरच्या कार्यकर्त्याने ठोसा मारलाय, रुग्णालयाच्या दारातच. दोन सूत्रं आहेत, दोन्ही वरिष्ठ. टाक लगेच.”

लेबर म्हणजे मुख्य विरोधी पक्ष. सूत्रांची नावं अर्थातच नाहीत. संसदेत वावरणाऱ्या राजकीय वार्ताहरांच्या गटाला इथे लॉबी म्हणतात, आणि लॉबीची जुनी रीत आहे: माहिती वापरा, सांगणाऱ्याचं नाव घेऊ नका. या रितीमुळे कित्येक खऱ्या गोष्टी बाहेर आल्यात, हे मी मानते. पण त्या संध्याकाळी तीच रीत वापरून आम्हाला वापरून घेतलं गेलं. फोन चालू असतानाच दोन मोठ्या वाहिन्यांच्या राजकीय संपादकांची तशीच ट्विटं समोर आली. तेही सांगताहेत म्हटल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. मी नोंद टाकली. खाली जोडलं, ‘असं कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या सूत्रांनी सांगितलं.’ सोलापूरला दैनिकात असताना आम्ही ‘असे समजते’ या दोन शब्दांच्या आडोशाला उभे राहायचो, तसाच हा आडोसा.

मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: सांगणारे त्या वेळी लीड्समध्ये होते का?

थोड्याच वेळात व्हिडिओ आला. मी तो चार-पाचदा मागे-पुढे करून पाहिला. मंत्र्यांची माणसं बाहेर पडताहेत, निदर्शक ओरडताहेत. एक माणूस हात लांब करून बोट दाखवतोय. सल्लागार दुसरीकडे बघत चालत येतो आणि त्याचा चेहरा त्या पसरलेल्या हातावर जाऊन आदळतो. हात उगारलेला नाही, मूठ वळलेली नाही. ठोसा नव्हताच. मी ज्या माणसाला मारकुटा ठरवलं होतं, तो नुसता बोट दाखवत उभा होता.

आमची दोन सूत्रं म्हणजे एकाच पक्षाच्या प्रचारयंत्रणेतली दोन माणसं. एकाच घरातून दोनदा फोन आला म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत. आणि त्या पक्षाला त्या घडीला हवं काय होतं? जमिनीवरच्या मुलावरून लोकांचं लक्ष उडायला. ते आम्ही उडवून दिलं.

वृत्तसंपादक म्हणाल्या, “काढून टाक ती नोंद.” मी म्हटलं, काढली तर ज्यांनी वाचलीय त्यांना ती खोटी होती हे कळणार कसं? इथल्या बहुतेक वृत्तपत्रांनी जी संपादकीय आचारसंहिता मान्य केलीय, तिच्या पहिल्याच कलमात आहे की मोठी चूक दुरुस्त करायची ती लगेच आणि योग्य त्या ठळकपणे. नोंद पानाच्या माथ्यावर होती, तर दुरुस्तीही माथ्यावरच हवी. पाचेक मिनिटं आमची बऱ्यापैकी गरमागरमी झाली. शेवटी त्यांनी मान हलवली. मी लिहिलं: ठोसा मारल्याची आमची आधीची नोंद चुकीची होती, व्हिडिओत तसं काही दिसत नाही, आम्ही दिलगीर आहोत. त्या दोन राजकीय संपादकांनीही जाहीर माफी मागितली.

पाळी संपवून ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, बसले आणि व्हॉट्सॅप उघडलं. आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एका काकांनी मजकूर पुढे पाठवला होता. ‘माझी एक मैत्रीण तिथे वरिष्ठ नर्स आहे, मुलाला आईनेच फोटोसाठी जमिनीवर निजवलं होतं.’ शब्दन् शब्द तोच मजकूर त्या रात्री फेसबुकवर असंख्य अनोळखी लोक स्वतःची मैत्रीण म्हणून टाकत होते. मी काकांना लिहिलं, “काका, हे खोटं आहे. रुग्णालयाने स्वतः त्या कुटुंबाची माफी मागितलीय.”

काकांचं उत्तर लगेच आलं. “अगं, तुझ्याच पेजवर संध्याकाळी वाचलं की लेबरवाल्याने ठोसा मारला. आता म्हणतात मारलाच नाही. मग तुमचं कुठलं खरं मानायचं?”

चाळीस वर्षं इंग्लंडात काढलेला, रोज दोन पेपर वाचणारा माणूस. त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, ते खरंच विचारत होते. मी दुरुस्तीचा स्क्रीनशॉट पाठवला. मग ‘इव्हिनिंग पोस्ट’च्याच गटातल्या ‘यॉर्कशायर पोस्ट’चे तेव्हाचे संपादक जेम्स मिचिन्सन यांनी, बातमीवर विश्वास न ठेवणाऱ्या एका वाचक बाईंना लिहिलेलं पत्र पाठवलं. रुग्णालयाला काय विचारलं, काय उत्तर आलं, सगळं त्यांनी न चिडता पायरीपायरीने सांगितलं होतं. एका अनोळखी पोस्टवर विसंबून वर्षानुवर्षांचं वर्तमानपत्र का सोडताय, असं ते तिला कळकळीने विचारत होते. असं पत्र मला लिहिता आलं असतं का? त्यांच्याकडे रुग्णालयाचं उत्तर होतं. माझ्याकडे एक फोन होता.

रात्री साडेअकराला काकांनी मला वेगळा मेसेज केला. “मुलगा खरंच जमिनीवर होता?”

“हो काका,” मी लिहिलं. “खरंच होता.”

त्यांनी वाचलं. उत्तर आलं नाही.