गड्ड्याचे दिवस आणि मामांचा खांब

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मोहोळ मागे टाकलं तेव्हा उजाडत होतं. रुळांच्या दोन्ही अंगांना हुरड्यात आलेली ज्वारी. एरवी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला यायचो तेव्हा सोलापूर स्टेशनावर मामा उभे असायचे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हात पाठीमागे. या खेपेला मी त्यांच्या वर्षश्राद्धाला आलो होतो. रिक्षा मीच ठरवली.

तारीख १९ जानेवारी २०२५, रविवार. नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता सोहळा सगळं उरकलं होतं, पण होम मैदानावरची गर्दी ओसरली नव्हती. लहानपणी मामा आम्हा भाचरांना इथे आणायचे आणि पाळण्यात बसण्याआधी त्याचा सांधा न् सांधा स्वतः बघून घ्यायचे. पाळणेवाला वैतागायचा. मामांना फरक पडायचा नाही.

मामा विहिरीत पोहायला शिकले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नौदलात भरती झाल्यावर. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं काम शिकले आणि १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते, खाली बॉयलरपाशी. त्या जहाजाच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. वेग मर्यादित ठेवावा लागत होता, तरीही बंगालच्या उपसागरातून विक्रांतची विमानं ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार, चितगाववर झेपावत होती. वर काय चाललंय ते खालच्यांना दिसायचं नाही. मामा सांगायचे, "आम्हाला युद्ध तळव्याला कळायचं." यंत्रावर हात ठेवायचा; थरथर बदलली, ऊब वाढली की समजायचं. त्याच साली ९ डिसेंबरला खुकरी ही आपली युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्याबद्दल मामा कधीच बोलले नाहीत. त्या तारखेला संध्याकाळी मात्र ते एकटेच सिद्धेश्वर तळ्याकाठी जाऊन बसत.

निवृत्तीनंतर ते इथल्या गिरणीत बॉयलरवर लागले. गिरणी बंद पडल्यावर संध्याकाळचा सगळा वेळ घरामागच्या मोकळ्या जागेत, खो-खोला. एका रांगेत आठ जण पाठमोरे-सामोरे बसवायचे आणि खो कसा द्यायचा, हूल कशी ओळखायची, हे तासन् तास शिकवायचे. मुलींना खेळू द्यायला जी घरं तयार नव्हती, तिथे ते मामीला घेऊन जात आणि चहा होईपर्यंत खेळाचं नावही काढत नसत. खांब त्यांनी स्वतः तासला होता. सूर मारताना खांबाला हाताची पकड घालूनच वळावं लागतं, तिथे कुसळ राहिलं तर पोराचा तळवा फाटतो. म्हणून सरावाआधी रोज ते खांबावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवायचे. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच.

मामी म्हणाली, "मोठीचं बारसं चुकलं, धाकटीची पहिली पावलं चुकली. परत आले ते गल्लीतल्या समद्या पोरांचे होऊनच आले." सांगताना तिचा हात कडक भाकरीच्या चवडीवर होता. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण ती वर्षं तिने एकटीने काढली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

त्याच संध्याकाळी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम फेरी होती. श्राद्धाच्या घरात टीव्ही लावावा की नाही, पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. मामीने ऐकलं. "लावा की. त्यांच्या खेळाचा वर्ल्ड कप हाय न्हवं?" मग अंगणापर्यंत पोरं दाटीने बसली. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं, पाठोपाठ प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने ५४-३६. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मामी पदराने डोळे पुसत फोटोकडे बघत होती, आणि मलाही टीव्ही नीट दिसेना.

सामना संपताच पोरं अंधारातच मागे पळाली. मीही गेलो. कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला होता आणि एक दहा-बारा वर्षांची मुलगी सूर मारायला सरसावली होती. "थांब जरा," म्हणालो आणि खांबावरून हात फिरवला. वरपासून खालपर्यंत. कुठेही काही टोचलं नाही.

"आम्ही घासतो की रोज," ती म्हणाली, आणि पळत सुटली.