आमटी गरम होईपर्यंत

दुपारी दीडला वाटीभर आमटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, बटण दाबलं आणि आतून लेक ओरडली, "आई, बंद कर ना ते! मीटिंग अडकली माझी."

आमटीनं काय घोडं मारलंय, असं वाटलं खरं. पण आमचं वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर आणि मायक्रोवेव्ह 2.45च्या आसपास. दाराच्या फटीतून लहरी किंचित झिरपतात. आपल्याला त्यांचं काही होत नाही, पण राउटरचा आवाज त्याहून नाजूक, तो बुडतो. 5 गिगाहर्ट्झवर ही कटकट नाही म्हणे. मात्र ते आमच्या दोन भिंती ओलांडता ओलांडताच दमतं.

नौपाड्याच्या चाळीत ही भांडणं मिक्सरवरून व्हायची. रविवारी मॅच, बाबांच्या कानाशी ट्रान्झिस्टर आणि आईला नेमकी तेव्हाच चटणी वाटायची असायची. मोटरच्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात, त्या मीडियम वेव्हवर थेट खर्रर्र करून उतरायच्या. गावसकरनं चौकार मारला की बाद झाला, काही कळायचं नाही. "अगं, थांबव!" आई थांबवायची. झाकणावरचा हात तसाच ठेवून उभी राहायची आणि ओव्हर संपली की विचारायची, "फिरवू?"

आमचा बंद झाला की शेजारच्या वहिनींचा सुरू. मग बाबा भिंतीवर दोनदा टकटक करायचे. वहिनींना अर्थ बरोबर कळायचा.

ऑस्ट्रेलियात पार्क्सला 64 मीटरची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे वर्षानुवर्षं अधूनमधून विचित्र संकेत यायचे, थेट अंतराळातून आल्यासारखे. शास्त्रज्ञांनी त्यांना 'पेरिटॉन' असं झोकदार नावही दिलं. 2015 मध्ये उलगडा झाला. तिथलंच कुणीतरी मायक्रोवेव्ह थांबायच्या आत दार उघडत होतं! हे वाचल्यापासून त्या भुकेल्या माणसाबद्दल मला फार आपुलकी आहे. शेवटचे आठ-दहा सेकंद मलाही कधी धरवत नाहीत. टिंग ऐकून दार उघडणारी माणसं वेगळ्याच मातीची असावीत.

तर आताही मी खाडकन दार उघडलं. आमटी कडेला कोमट, मधे गारढोण. वाटीवर हात ठेवून उभी राहिले. पाच मिनिटं झाली, सात झाली.

"लावू का गं आता?"

तिच्या कानात हेडफोन. मी आमटी तशीच भातावर ओतली.