वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण आणि ‘नावात तफावत’

प्रशिक्षण दहा दिवसांत उरकलं. त्याचा फायदा माझ्या सेवापुस्तकात (नोकरीच्या सगळ्या नोंदींची वही) उतरायला फेब्रुवारी उजाडला. म्हणून हे प्रशिक्षणाबद्दल कमी आणि एका शेऱ्याबद्दल जास्त आहे.

मी एका खाजगी अनुदानित शाळेत नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. नोकरीची 12 वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, 24 झाली की निवडश्रेणी, आणि दोन्हींसाठी आधी प्रशिक्षण पूर्ण केलेलं हवं. माझी 12 वर्षं 2023 मध्ये भरली. प्रशिक्षणाला नंबर लागला 2025 च्या जूनमध्ये. ऑनलाइन नोंदणी, 2000 रुपये शुल्क, शालार्थ (पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) आयडी टाकला की पुढचं पान उघडतं. पैसे भरल्याची पावती लगेच छापून ठेवा, मोबाईलमधला फोटो ऐन वेळी सापडत नाही.

प्रशिक्षण बरं होतं. नवीन शैक्षणिक धोरण, समग्र प्रगती पत्रक, मूल्यमापन, कायदे. आमच्या विषयाच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, पण गटकार्यात एका भूगोलाच्या सरांनी दहावीच्या पहिल्याच पाठातली क्षेत्रभेट आठवडी बाजारावर कशी घेतात ते दाखवलं. मुलं भाजीवाल्यांना माल कुठून आणला विचारतात आणि तालुक्याच्या नकाशावर रेघा ओढतात. तेवढं एक मी वहीत उतरवून आणलं आणि दिवाळीआधी करूनही पाहिलं. डबा घरून न्या, जेवणाच्या सुट्टीत बाहेर रांग लागते.

प्रमाणपत्र आलं, शाळेने प्रस्ताव केला, ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या कार्यालयात दिला. मग शांतता. दिवाळीची सुट्टी संपली आणि प्रस्ताव परत आला. सोबत एक ओळ: ‘नावात तफावत. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावा.’

कुठल्या नावात, कशाशी तफावत, काहीच नाही. मी 2011 ला लागले तेव्हा माहेरच्या नावाने, 2014 ला लग्न झालं, राजपत्रात नाव बदलून घेतलं, शालार्थमध्ये नवीन नाव गेलं, पगार त्याच नावावर येतो. प्रमाणपत्रही त्याच नावाचं. मला वाटलं स्पेलिंगचा घोळ असेल, म्हणून आधार दुरुस्त करायला गेले. तीन आठवडे त्यात गेले. मग कुणी म्हणालं प्रतिज्ञापत्र लागेल, ते केलं. कुणी म्हणालं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, ते जोडलं. प्रस्ताव दुसऱ्यांदा गेला, दुसऱ्यांदा आला. तीच ओळ, यावेळी शाईही फिकट.

शेवटी अर्धा दिवस रजा टाकून मी स्वतः गेले. टेबलावरच्या साहेबांनी फाईल उघडली, सेवापुस्तकाचं पहिलं पान दाखवलं आणि म्हणाले, “मॅडम, ही बाई आणि तुम्ही एकच, हे यावरून कळत नाही.”

“साहेब, मी समोर उभी आहे ना!”

“तुम्ही उभ्या आहात, पण पुस्तकात नाही.”

परतीच्या एसटीत मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. कारण हेच तर मी मुलांना घोकून घेते: लिखित साधनं, भौतिक साधनं, मौखिक साधनं. दहावी इतिहासाच्या पहिल्या पाठात रांके हा जर्मन इतिहासकार येतो, तो मूळ दस्तऐवजांवर भर देणारा. दरवर्षी मी त्याची बाजू घेऊन बोलते. त्या टेबलापाशी मी स्वतः मौखिक साधन होते आणि साहेब पक्के रांकेवाले. चूक त्यांची नव्हती असंही नाही. तीच गोष्ट त्यांना त्या एका ओळीत लिहिता आली असती: ‘नावबदलाची नोंद सेवापुस्तकात नाही.’ चार शब्द. त्या चार शब्दांसाठी मी आधार केंद्र, नोटरी आणि नगरपालिका पालथी घातली.

तर घोळ हा होता. 2014 ला मी राजपत्राची प्रत शाळेत दिली, ती फाईलला लागली, शालार्थमध्ये बदल झाला, पण सेवापुस्तकात नोंद घ्यायची राहून गेली. तेव्हाचे मुख्याध्यापक निवृत्त झालेले. आताचे म्हणाले, मागची तारीख टाकून मी सही करणार नाही. बरोबरच होतं त्यांचं, पण त्या दिवशी मला ते अजिबात बरोबर वाटलं नाही. मार्ग सुचवला आमच्या कार्यालयातल्या जुन्या भाऊसाहेबांनी. नोंद आजच्याच तारखेने घ्यायची, त्यात राजपत्राचा क्रमांक आणि दिनांक लिहायचा, खाली मुख्याध्यापकांची सही-शिक्का, शेजारी राजपत्राची साक्षांकित प्रत चिकटवायची. दहा मिनिटांचं काम. “आधीच विचारलं असतं तर?” असं ते म्हणाले, आणि मी काहीच बोलले नाही, कारण खरंच विचारलं नव्हतं. मास्तरकी केल्यावर लिपिकाला विचारायचं कमीपणाचं वाटतं. नंतर मी त्यांना पेढे दिले.

तिसऱ्यांदा प्रस्ताव हातोहात नेऊन दिला आणि पोच घेतली. हे पहिल्याच वेळी करायला हवं होतं. आवक क्रमांक नसेल तर ‘तुमची फाईल आलेलीच नाही’ याला आपल्याकडे उत्तर नसतं. फेब्रुवारीत मंजुरी आली. पत्र शिपाईमामांनी वर्गात आणून दिलं, राज्यशास्त्राचा तास चालू होता, मी तो पाच मिनिटं आधी सोडला.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. माझे या वर्षीचे तास तर खिडकीपाशीच भरले असतील.

मागच्या वाढीव पगाराच्या फरकाचं बिल अजून वेतन पथकाकडे, म्हणजे पगाराची बिलं काढणाऱ्या कार्यालयाकडे आहे. आणि हो, सेवापुस्तक मागवलंच आहे तर वारसाच्या नामनिर्देशनाचं पानही बघून घ्या. माझ्यात अजून वडिलांचंच नाव होतं.