पिंगळा दिव्याला येतो

प्रश्न बहुतेक रात्री दहानंतर येतो, आणि फोनवरच येतो. आधी दोन मिनिटं पाण्याच्या वेळा, लिफ्टचं काय झालं वगैरे. मग आवाज एकदम खाली. "काकू, तुम्ही एवढे पक्षी बघता म्हणून विचारते. आमच्या गॅलरीसमोर दोन दिवस घुबड येऊन बसतंय. तसं काही असतं का हो?"

'तसं' म्हणजे कसं, हे कोणी उच्चारत नाही. मीही विचारत नाही. मी विचारते, केवढं आहे? मैनेएवढं? भुवया पांढऱ्या? तुम्ही बघितलंत की मान खालीवर करून तेही तुम्हाला बघतं? मग तो पिंगळा. फोन ठेवायच्या आधी आणखी एक विचारते: तुमच्या गॅलरीत रात्री दिवा असतो का? बहुतेक वेळा असतो.

मी नवी मुंबईत, ऐरोलीत राहते. रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून खाडीच्या अंगाला जाते, एवढ्याच भांडवलावर सोसायटीत मी 'पक्षीवाल्या काकू' झाले आहे. त्यामुळे सगळं माझ्याकडे येतं. भारद्वाज दिसला, काही मागू का? कावळ्यानं डोक्यावर टोच मारली, शनीचं काही करावं लागेल का? कबुतरानं एसीच्या मागे घरटं केलंय, ती लक्ष्मी की कटकट? (कटकट. ह्याबाबत माझ्या मनात शंका नाही.) मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेनं सरळच विचारलं, "तुम्ही स्वतः शकुन-अपशकुन मानता की नाही? एका शब्दात सांगा." एका शब्दात मला सांगता आलं नाही. म्हणून इथे जरा लांबण लावून सांगते.

माझं लहानपण ठाण्यात, नौपाड्यातल्या एका चाळीत गेलं. माझी आजी कोकणातली. दिवेलागणीच्या आत बाळाची दुपटी-लंगोट दोरीवरून काढलीच पाहिजेत, हा तिचा कायदा. राहिली तर त्यांच्यावर पाखराची सावली पडते आणि मूल किरकिरं होतं. कुठलं पाखरू, ते ती सांगायची नाही, रात्री त्याचं नाव घ्यायचं नसतं. पण तिला दुर्बिणीशिवाय, डोळे मिटून, निव्वळ आवाजावरून पंधरा-वीस पक्षी ओळखता यायचे. सालिम अलींचं नाव तिनं ऐकलं नव्हतं. पावश्या ओरडायला लागला की म्हणायची, 'पेर्ते व्हा म्हणतोय बघ', आणि इथे पेरायला वीतभर जमीन नाही म्हणून हळहळायची. मी पक्षी बघायला लागले ती तिच्यामुळे. शकुन ह्या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळात पक्षी, हे मला फार उशिरा कळलं. तिला ते न सांगताच माहीत असावं.

आता पिंगळ्याचं.

माझे बाबा 2014 च्या जूनमध्ये गेले. शेवटचे अठरा दिवस ते घरीच होते, इथे ऐरोलीत. रात्रपाळीच्या मावशी यायच्या, दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची, म्हणून गॅलरीतली ट्यूब रात्रभर चालू. पहिला पाऊस पडून गेला आणि जमिनीतून वाळवीचे पंखवाले किडे निघाले. ट्यूब त्यांनी झाकून गेली. सकाळी गॅलरीत पंखांचा इतका सडा, की मी केरसुणीऐवजी ओलं फडकं घेतलं, केरसुणीनं नुसते उडत होते. तिसऱ्या रात्री वायरीवरून ओरडणं सुरू झालं. चिरर्र चिरर्र, मग चिवक चिवक, एकमेकांत गुंतलेलं, भांडल्यासारखं. पिंगळा होता. ट्यूबकडे झेप घ्यायचा, किडा पायात पकडून परत वायरीवर, मान वळवून दोन घासांत खलास, की पुन्हा झेप. मी अर्धा तास उभी राहून बघितलं. नंतर जोडीदारीणही आली.

सकाळी शेजारच्या आजी दारात उभ्या. "रात्री ऐकलंस ना? तो दिवा बंद करत जा गं. जाईल तो."

मी ते बाबांना सांगितलं. म्हटलं, आपल्याकडे पिंगळा आलाय. ते डोळे न उघडता म्हणाले, "कोणाकडे?" आणि मग हसता हसता त्यांना एवढा खोकला आला, की मावशी मला रागावल्या.

त्या आजींचं मी पुढे बरेच दिवस डोक्यात घोळवत होते. उपाय त्यांनी अगदी बरोबर सांगितला होता. दिवा बंद केला असता तर किडे गेले असते, किड्यांमागे पिंगळा गेला असता. रात्री दोन वाजता मी खाली बघितलं होतं, आख्ख्या बिल्डिंगमध्ये आमचाच एक दिवा होता. रात्रभर दिवा कोणाच्या घरी जळतो? जिथे कोणी अंथरुणाला खिळलंय तिथे, नाहीतर बाळंतिणीच्या खोलीत. वीज नव्हती तेव्हा तर गावात तेवढीच एक खिडकी उजेडाची. पाखरं तिथे, पिंगळा तिथे, आणि चार-आठ दिवसांत त्या घरातून रडणं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे बघितलंय, आणि बघितलं ते खोटं नाही. फक्त ओवताना दोरा उलट्या बाजूनं घातला. पिंगळा मरण बघून येत नाही, मरणाच्या घरचा दिवा बघून येतो. आजीच्या त्या दुपट्यांचं कोडंही मला तेव्हाच सुटलं.

एकदा हे सापडल्यावर मला तोच चाळा लागला. बाकीचे शकुनही उलटून बघायचे.

कावळा ओरडला की पाहुणा येतो. ज्ञानेश्वरांची विरहिणी त्या पलीकडे कोकणाऱ्या काऊचे पाय सोन्यानं मढवायला निघाली होती, एवढं जुनं आहे हे. कावळा माणसांचे चेहरे ओळखतो, लक्षातही ठेवतो, हे कावळ्यांच्या अभ्यासातून सिद्ध झालंय. गावातली रोजची माणसं त्याच्या ओळखीची. पाणंदीवरून अनोळखी माणूस गाठोडं घेऊन येताना दिसला की झाडाच्या शेंड्यावरून तो आधी बोंब मारणार. घरात बसलेल्या बाईला पाहुणा दिसायच्या आधी कावळा ऐकू येणार. पूर्वी हा शकुन पुष्कळदा खरा ठरत असेल असं मला मनापासून वाटतं. आता चौदाव्या मजल्यावर तो चालत नाही. पाहुणा आल्याचं गेटवरून मोबाइलवर येतं, आणि कावळा ओरडत असतो मांजरावर.

टिटवीचंही तेच. ती झाडावर बसत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांतच अंडी घालते, म्हणून रात्रीसुद्धा तिचा डोळा लागत नाही. कोणी फिरकलं, कुत्रं असो, साप असो की चोर, की ती टाहो फोडते. रात्री टिटवी ओरडली आणि सकाळी काहीतरी विपरीत कळलं, ह्यात नवल काय! नवी मुंबईत मोकळे प्लॉट होते तोवर त्यांवर टिटव्या होत्या, आता त्या कधीकधी सपाट गच्च्यांवर अंडी घालतात आणि लोक मला फोन करतात. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असा एक ठोकताळा आहे. टिटवी एरवीही बहुधा चारच घालते, त्यामुळे ठोकताळा सहसा चुकत नाही.

सगळेच उलटून सरळ होतात असं नाही. भारद्वाज दिसणं शुभ का, ह्याला मला आजवर कारण सापडलेलं नाही. तांब्याच्या रंगाचे पंख, लाल डोळे, दिसतो खरा राजबिंडा. पण बुलबुलाच्या घरट्यातली पिल्लं उचलून नेताना मी त्याला बघितलंय. बुलबुलांमध्ये कोणी शकुन बघत असेल तर भारद्वाज दिसला की ते घराबाहेर पडत नसतील. आणि चातक? त्याच्याबाबतीत उलटायला काही नाहीच. तो खरोखर नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेतून येतो, पावसाच्या थोडा आगेमागे. चोचीत थेट पावसाचंच पाणी घेतो हे तेवढं खोटं. तो सुरवंट खातो, आणि ते पावसाबरोबरच येतात.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फोन काचेचे. घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून तर हमखास. "रोज सकाळी साडेसहाला एक काळा-पांढरा पक्षी खिडकीवर टोच मारतो. आमचे सासरे जाऊन दोन महिने झालेत." तो दयाळ. मार्च ते जुलै त्याचा विणीचा हंगाम, त्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर त्याला खपत नाही, आणि काचेत त्याला अगदी त्याच्याच तोडीचा दुसरा नर दिसतो, जो हटत नाही. बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा, दोन दिवसांत थांबेल, असं मी सांगते. एक ताई म्हणाल्या, "थांबलंच पाहिजे का पण?" त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, त्याची चोच दुखत असेल हो. मग त्यांनी कागद लावला.

म्हणजे शकुन निरुपद्रवी आहेत असं मात्र समजू नका. दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, विकली जातात, मारली जातात. आमच्याच गल्लीत एका जुन्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबडाची जोडी होती. पांढराफटक चेहरा, उडताना पंखांचा आवाज नाही, ओरडणं मात्र कापड फाडल्यासारखं. तिथला वॉचमन दगड घेऊन उभा. मी त्याला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगितला. ढिम्म. हे दोघं रात्रीत किती उंदीर खातात ते सांगितलं. तरी ढिम्म. मग मला आजी आठवली. म्हटलं, मार हवा तर, पण घुबड दगड वरच्या वर झेलतं, नेऊन नदीत टाकतं, आणि पाण्यात तो दगड जसा झिजतो तसा मारणारा झिजत जातो. त्यानं दगड हळूच कुंडीत ठेवला. माझ्या विज्ञाननिष्ठेचं त्या दिवशी काय झालं ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं, आज सांगतेय.

आणि ज्या पक्ष्याकडून खरोखर काही वाचायला हवं, त्याबद्दल कोणी विचारत नाही. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. आमच्या शहरानं स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेतलं, पुलाखाली गुलाबी चित्रं काढली, ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे सगळं चांगलंच. पण लहान रोहित इथे हजारोंनी उतरतो तो चिखलातल्या सूक्ष्म शेवाळासाठी, त्याचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो, आणि ते शेवाळ फोफावतं आपल्या सांडपाण्यावर. ऐरोलीच्या काठावर उभं राहून लोक म्हणतात, काय सुंदर! नाकाला रुमाल लावूनच म्हणतात.

असो. मी मानते की नाही, ते राहिलंच.

बाबांच्या दहाव्याला आम्ही ठाण्याला खाडीकाठच्या घाटावर होतो. पिंड ठेवला, शेजारी पत्रावळीवर कांदाभजी, कारण बाबांचा जीव भज्यांत. समोर पत्र्याच्या कडेला सात-आठ कावळे, एकही खाली येईना. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. मागे दुसरं घर थांबलेलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतला, म्हणजे आता दर्भाचा कावळा. काका म्हणाले, "वहिनींना कोण बघणार ते बोला आधी. दादाचा जीव त्यात अडकलाय." हा विषय घरात अठरा दिवस कोणी काढला नव्हता. माझा भाऊ, आमचा दादा, पुण्याला, दोन खोल्यांत. तो पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा, आईला मी नेतो. काळजी करू नका."

मी तेव्हा मागे होते आणि भाच्याकडे बघत होते. तो पंधरा वर्षांचा, मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता. कावळ्याच्या लेखी उगारलेला हात म्हणजे दगडाचाच हात, त्यात मोबाइल आहे की धोंडा हे तो कशाला तपासतोय. शिवाय जून महिना, पिल्लांचे दिवस, एरवीपेक्षा दुप्पट संशय. मी पोराचा हात खाली ओढला आणि आठ-दहा जणांना ढकलत शेडच्या मागच्या भिंतीपर्यंत नेलं. दादाचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. एक कावळा उतरला, तिरका तिरका चालत आला, पिंडाला शिवला आणि भजी घेऊन गेला. सगळे रडले. मीही रडले.

आई त्यानंतर नऊ वर्षं दादाकडे होती. त्या दोन खोल्यांत, आनंदात. दादा आजही कोणालाही सांगतो, मी शब्द दिला आणि बाबांनी ऐकलं. शेअर बाजाराखेरीज तो काही वाचत नाही, त्यामुळे हेही वाचणार नाही. भाच्याला तेवढं बजावून ठेवलंय.