करंट येत होता, तरी इंजिन उलटा झटका द्यायचं

प्रकाशाला बॅरेजमागे तापीचं पाणी अडतं, तिथे आमच्या आबांची मासेमारीची बोट असते. बोटीला दोन सिलिंडरचं जुनं जपानी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावायचं इंजिन, आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. फ्लायव्हीलखाली (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाखाली) चुंबकावर वीज बनवणारा मॅग्नेटो, ती वीज तोडून ठिणगी पाडणारे दोन सीबी पॉइंट, दोन कंडेन्सर, एवढंच. राजदूत किंवा जुनी बजाज स्कूटर उघडलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटेल.

पाणी उतरलं तेव्हा पंखा खडकाला आपटला. त्यानंतर दोरी ओढली की इंजिन हातातून दोरी उलटी खेचायचं, कधी कार्बोरेटरमधून फटाका वाजायचा. आबांचं मनगट सुजलं. एका मिस्तरीने प्लग आणि कंडेन्सर बदलले, प्लग इंजिनच्या अंगाला टेकवून ठिणगी दाखवली आणि पैसे घेऊन गेला. आबा मला म्हणाले, "करंट ते शे, मंग चालू काबर व्हत नही?"

उलटा झटका म्हणजे पिस्टन वर पोहोचायच्या बऱ्याच आधी ठिणगी पडते आहे. माझा संशय सरळ टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेवर, गेला. पण ते मोजायच्या आधी बरीच आवराआवर करावी लागते.

मे महिन्यात आमच्याकडे सकाळी नऊलाच ऊन भाजायला लागतं, आणि त्या उन्हात पेट्रोल झपाट्याने उडतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि नाकाला कळेलच असं नाही. म्हणून इंजिन बोटीवरून उतरवून अंगणात लाकडी घोडीवर बांधलं. टाकी आणि नळी काढून पार गोठ्याच्या पलीकडे ठेवली. पंखा काढला. हे सगळं दिवस उजाडताच, सावलीत. आबांच्या गळ्यातला रुमालही काढायला लावला. ते नाराज झाले, पण फिरत्या फ्लायव्हीलजवळ लोंबतं कापड मला नकोच.

आधी ठिणगी नीट तपासली. प्लग हातात धरून बघायची पद्धत मला पटत नाही. दोरी ओढली की प्लगच्या भोकातून पेट्रोलमिश्रित हवा बाहेर येते आणि ठिणगी तिथेच शेजारी पडत असते. मी दोन्ही प्लग काढले, भोकांवर कापड टाकलं, आणि ठिणगी बघायचा टेस्टर लांब, इंजिनच्या अंगाला चिमट्याने पक्का लावला. त्यात साधारण सहा मिलिमीटरची फट ठेवली. दुसऱ्या सिलिंडरची वायर मोकळी सोडली नाही, तीही अर्थला जोडली. वायर उघडी ठेवून इंजिन फिरवलं तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. दोन्हीकडे निळी, कडक ठिणगी आली. कॉइल, कंडेन्सर निर्दोष. मिस्तरीचं तेवढं खरं होतं.

मग फ्लायव्हील. नट सोडायला गेलो तर तो जोर न लावताच फिरला. दुखणं बहुतेक तिथेच होतं. फ्लायव्हील पुलरनेच काढायचं, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) टोकावर हातोडी मारायची नाही. बाहेर आल्यावर चुंबकांची बाजू वर करून स्वच्छ कापडावर ठेवलं, नाहीतर अंगणातला लोखंडी कीस चिकटतो. क्रँकच्या खाचेतली चावी, म्हणजे फ्लायव्हीलला क्रँकवर नेमक्या जागी धरणारा धातूचा छोटा तुकडा, अर्धी कापली गेली होती. खडक लागल्यावर क्रँक अचानक थांबला आणि सैल नटामुळे जड फ्लायव्हील चावी कापत थोडं पुढे सरकलं. या बनावटीत पॉइंट उघडणारा कॅम फ्लायव्हीलच्याच बुंध्याला असतो. तोही पुढे सरकला, पॉइंट लवकर उघडायला लागले आणि ठिणगी आधी पडू लागली.

चावी नवी घातली. क्रँकचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक थिनरने पुसून कोरडं केलं. तिथे तेल-ग्रीस लावायचं नाही, पकड कोरड्या धातूवरच बसते. पॉइंट पॉलिशपेपरने घासू नयेत, त्याचे कण मध्ये अडकतात. बारीक कानशीने साफ करून मधून कोरा कागद ओढला. फ्लायव्हील परत बसवून त्याच्या खिडकीतून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पॉइंटची फट ०.३५ मिलिमीटर केली. या धर्तीच्या मॅग्नेटोला ०.३ ते ०.४ चालते. फट वाढवली की टायमिंग आधी सरकतं, कमी केली की मागे पडतं. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजून फट आपोआप कमी होते, म्हणून जुनं इंजिन हळूहळू मंदावतं.

आमच्याकडचे जुने लोक पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटाचा पातळ कागद धरतात. तो सुटला की पॉइंट उघडला. युक्ती चांगली आहे, पण मी मल्टिमीटर लावला, पॉइंट जुळलेले असले की तो वाजतो. त्याआधी कॉइलची वायर पॉइंटपासून सोडावी लागते. तिचा प्राथमिक वेटोळा जेमतेम एखाद्या ओहमचा, त्यातून मीटर सतत वाजत राहतं आणि काही कळत नाही. वरच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टनची हालचाल मोजणारं डायल गेज बसवून पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक गाठलं. मग फ्लायव्हील बरंच मागे नेलं आणि हळूच पुढे आणलं, म्हणजे सांध्यांमधली ढिलाई निघून जाते. पिस्टन टोकापासून इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या मिलिमीटरवर असताना मीटरचा आवाज बदलला पाहिजे. वरच्याचं जमलं. खालच्याचं जुळेपर्यंत आबांचा दोनदा चहा झाला, कारण प्रत्येक वेळी स्क्रू आवळला की फट किंचित हलायची.

नट पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळला. मग इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभं केलं, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्याही वर. गिअर न्यूट्रलला आणि पंखा काढलेलाच. प्रत्येक ठिणगीला चमकणारा टायमिंग लाइट बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडून त्याचा चिमटा वरच्या प्लगच्या वायरवर लावला. त्याच्या लखलखाटात फ्लायव्हील जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं आणि हात आपोआप पुढे जातो. म्हणून आबांना फ्लायव्हीलवरच्या टायमिंगच्या खुणेकडे बघायला पिंपापासून चार पावलं मागे उभं केलं.

खूण जागेवर होती. फक्त मंद गतीला तपासलं. पाण्याचा भार नसताना असं इंजिन जोरात रेस केलं तर पुढचा खर्च क्रँकचा असतो. पूर्ण गतीची चाचणी पंखा लावून नदीवर घेतली, तेव्हा बंद करायच्या स्विचची दोरी आबांच्या मनगटाला होती. ज्या मनगटाला सूज होती त्याला नाही, दुसऱ्या. आता हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला नट बघायचा असं आबांच्या मुलाला सांगून ठेवलंय.