प्रवाह : शून्य

हृदयशस्त्रक्रियेच्या खोलीत माझी जागा टेबलापासून दोन पावलांवर, हृदय-फुफ्फुस यंत्राच्या मागे असते. हे यंत्र चालवणाऱ्याला पर्फ्युजनिस्ट म्हणतात. शल्यविशारद हृदयावर काम करत असतात तितका वेळ रुग्णाचे रक्त बाहेर घ्यायचे, त्यात प्राणवायू भरायचा आणि ते परत शरीरात पाठवत राहायचे, हे माझे काम. प्रौढ माणसासाठी मिनिटाला चार-साडेचार लिटर. हा प्रवाह खंडित होऊ द्यायचा नाही, हे आमच्या अंगात इतके भिनवलेले असते की वीज गेली तर पंप हँडलने हाताने कसा फिरवायचा याचाही सराव आम्ही डोळे मिटून करता येईल इतका केलेला असतो. अशा माणसाला स्वतःच्या हाताने पंप शून्यावर आणायला सांगितले जाते, तेव्हा मनाची काय अवस्था होते ते मला एका रात्रीच्या निमित्ताने लिहून ठेवायचे आहे.

रुग्ण ५२ वर्षांच्या बाई होत्या. छातीत आणि पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली म्हणून त्यांना आणले होते आणि सीटी स्कॅनमध्ये कारण स्पष्ट दिसले होते. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा आतला थर चिरला होता आणि रक्त भिंतीच्या दोन थरांमध्ये घुसून त्यांना एकमेकांपासून सोलत पुढे सरकत होते. यात औषधांवर भागत नाही. फाटलेला भाग कापून तिथे कृत्रिम नळी शिवावी लागते. अडचण अशी की चीर थेट महाधमनीच्या कमानीखाली पोहोचली होती आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या याच कमानीतून फुटतात. कमान उघडून आतून टाके घालायचे तर तिच्यातून रक्त वाहत असून चालत नाही. म्हणजे हृदय थांबवायचे आणि हृदयाची जागा घेणारे यंत्रही थांबवायचे.

सामान्य तापमानाला रक्तावाचून मेंदू चार-पाच मिनिटांतच कायमचा इजा पावू लागतो. यातून वाट काढणारी गोष्ट म्हणजे थंडी. शरीराचे तापमान दहा अंशांनी उतरले की पेशींची प्राणवायूची गरज निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. १९५२ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात पाच वर्षांच्या एका मुलीला २८ अंशांपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण साडेपाच मिनिटे रोखून तिच्या हृदयातील छिद्र शिवले गेले, तेव्हा कोणत्याही यंत्राची मदत नव्हती. १९७५ साली रँडल ग्रीप यांनी यंत्राने बरेच खोल थंड करून कमान बदलण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या आणि ती पद्धत रुजली. १८ अंशांना सुमारे तीस मिनिटे बहुतेकांचा मेंदू सुखरूप राहतो आणि चाळीस मिनिटे ओलांडली की धोका ठळकपणे वाढतो. मधली दहा मिनिटे कोणाची कशी जातील हे आधी सांगता येत नाही, आणि माझी भीती नेहमी त्या दहा मिनिटांची असते.

हल्ली अशा वेळी मेंदूपुरता प्रवाह वेगळ्या नळीने चालू ठेवण्याची सोय बहुधा केली जाते. आम्हीही उजव्या काखेतील धमनीतून तो देणार होतो, पण चीर त्या धमनीतही शिरली होती. नळी मग मांडीच्या धमनीत घातली गेली. कमानीच्या फक्त खालच्या बाजूचे काम आहे, वीस ते पंचवीस मिनिटांत होईल, तेव्हा जागेत जादा नळ्यांची गर्दी नको, असे वरिष्ठ शल्यविशारदांनी ठरवले. त्यांचा अंदाज योग्य होता असे मला आजही वाटते. तरीही मी एक जादा नळी रक्ताने भरून, हवा काढून, चिमटा लावून बाजूला ठेवली. कोणी सांगितले म्हणून नव्हे, मोकळ्या हातांनी उभे राहणे मला जमत नाही म्हणून.

थंड करायला पन्नास मिनिटे लागली. तापमान २८च्या आसपास आले तसे हृदय धडधडायचे सोडून नुसते थरथरू लागले. भूलतज्ज्ञ मॅडमनी डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या. मेंदूच्या विद्युतलहरींची रेघ आधी विरळ झाली, मग मधूनमधून एखादी उसळी आणि शेवटी सरळ. १८ अंश झाल्यावर टेबल डोक्याकडे खाली झुकवले गेले, म्हणजे कमान उघडल्यावर हवा मेंदूकडे चढू नये.

"पंप बंद," सर म्हणाले.

मी वेगाचे बटण उलटे फिरवत गेले. चार लिटर, दोन, एक, शून्य. धमनीकडच्या नळीवर चिमटा लावला आणि शिरेकडची नळी उघडी ठेवून शरीरातील रक्त माझ्यासमोरच्या रिझर्व्हॉयरमध्ये उतरू दिले. त्या पारदर्शक भांड्यातील पातळी रेघेमागून रेघ चढत गेली आणि थांबली. मग तीही नळी बंद. रक्तदाबाची रेघ पडद्याच्या तळाशी टेकली. श्वासयंत्र थांबवलेले, हृदय निश्चल, मेंदूची रेघ सपाट. जिवंतपणाचे जे जे मोजता येते ते सर्व एकाच वेळी थांबलेले होते आणि तरीही त्या बाई मृत नव्हत्या. इतक्या वर्षांनंतरही या क्षणाची मला सवय झालेली नाही आणि ती होऊ नये असेच मला वाटते.

एक गोष्ट मात्र चालू असते. यंत्रातील रक्त साकळू नये म्हणून ते एका आखूड जोडनळीतून यंत्रातल्या यंत्रात संथपणे फिरवत ठेवावे लागते. रक्त माणसाबाहेर वाहते आहे आणि माणसात थेंबभरही हालत नाही, असे दृश्य हातभर अंतरावर बघत मी मिनिटे मोजत होते. कारण प्रवाह बंद असताना वेळ मोठ्याने सांगणे हे माझे काम आहे. शिवणाऱ्याला घड्याळाकडे मान वळवता येत नाही.

"सर, पाच मिनिटे."

"दहा मिनिटे, सर."

पंधराव्या मिनिटाला अर्धे शिवण झाले होते. विसाव्याला सर शेवटच्या कोपऱ्यात होते. कपाळाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले सेन्सर मेंदूतील प्राणवायूचा अंदाज देतात. सुरुवातीला दोन्हीकडे ७८च्या आसपास असलेले आकडे हळूहळू उतरत होते, तसे ते उतरतातच. बाविसाव्या मिनिटाला सरांनी धागा ताणला आणि टाका भिंतीतून आरपार कापत निघाला. चिरलेल्या महाधमनीची भिंत ओल्या कागदासारखी असते. एक टाका सुटला आणि त्याने शेजारचे दोन सैल केले. तो सगळा कोपरा काढून, बाहेरून फेल्टची, म्हणजे टाक्यांना आधार देणाऱ्या जाड कापडाची पट्टी लावून पुन्हा शिवावा लागणार होता.

कोणी काही बोलले नाही. परिचारिकेने फेल्ट कापायला घेतले. सरांचा हात पूर्वीपेक्षा किंचित जलद चालू लागला. मला तो वेग आवडला नाही. अशा वेळी खोलीत जी शांतता पसरते ती मोडणे सोपे नसते. वरिष्ठ माणूस संकटात आहे, त्याचे सगळे लक्ष सुईच्या टोकावर आहे, आणि आपण मागून आकडे ओरडणारे. पण माझ्यासमोर डाव्या बाजूचा आकडा ५४ झाला होता आणि उजवा ६१ होता. दोन्ही उतरत होते, त्यात डावा अधिक वेगाने.

"चोवीस मिनिटे, सर. डावी बाजू ५२. अजून किती लागतील?"

"दहा. कदाचित पंधरा."

बेरीज खोलीतल्या प्रत्येकाने मनात केली असेल. सर सुई पुढे नेत होते, कारण हातातले काम संपवून मोकळे होणे ही शिवणाऱ्या हाताची स्वाभाविक ओढ असते. मी म्हणाले, "सर, मेंदूसाठी नळी भरून तयार आहे. तुम्ही दोन मिनिटे शिवण थांबवलेत तर लगेच प्रवाह देता येईल."

सुई भिंतीत अर्धी शिरलेली होती. ती तिथेच राहिली. सरांनी मान वर न करता काही क्षण विचार केला. ते क्षण मी मोजले नाहीत, त्या रात्री न मोजलेले तेवढेच. मग त्यांनी सुई बाहेर काढली, सुईधारक खाली ठेवला आणि हात पुढे केला. "द्या."

उघड्या कमानीच्या आतूनच मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्यांच्या तोंडांत फुग्याच्या टोकाच्या बारीक नळ्या बसवल्या गेल्या. मेंदूसाठी किलोमागे मिनिटाला सुमारे दहा मिलीलिटर प्रवाह पुरतो. बाईंचे वजन साठ किलो, म्हणजे सहाशे मिलीलिटर. नळीतील हवा पुन्हा एकदा तपासली, चिमटा सोडला आणि बटण फिरवले. "पंप चालू. मेंदूचा प्रवाह बंद होता, सव्वीस मिनिटे." डावा आकडा ४९वर काही वेळ तसाच राहिला, मग ५१, ५५ आणि पुढे उजव्याच्या बरोबरीने चढत गेला.

त्यानंतर सरांनी सैल झालेला कोपरा पूर्ण उसवला आणि घाई न करता, पट्टी नीट बसवून पुन्हा शिवला. तो हात पुन्हा पहिल्यासारखा चालत होता. शरीराच्या खालच्या भागाचा प्रवाह एकूण ४३ मिनिटे बंद राहिला. यकृत, मूत्रपिंडे, पाय इतकी थंडी मेंदूपेक्षा अधिक वेळ सोसतात. शेवटी रक्त संथपणे भरत कमानीतील हवा बाहेर काढली, नळ्या काढल्या, धागे आवळले आणि पूर्ण शरीराचा प्रवाह सुरू केला.

आता उब द्यायची होती. ती झटपट देता येत नाही, कारण थंड रक्तात विरघळलेले वायू एकदम तापवल्यास बुडबुडे होऊन बाहेर पडतात, आणि मेंदू प्रमाणाबाहेर तापला तर वाचवलेले पुन्हा गमवावे लागते. पहिली काही मिनिटे थंडच रक्त, मग अंशाअंशाने, सुमारे दीड तास. ३० अंशांच्या पुढे एका हलक्या विद्युतझटक्याने हृदय ठोके देऊ लागले, सुरुवातीला अडखळत.

पहाटे यंत्र सोडून मी नोंदपत्रक पूर्ण केले. त्यात दर पाच मिनिटांना प्रवाह, दाब आणि तापमान यांचे रकाने असतात. प्रवाहाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एकाखाली एक शून्ये होती. त्यांच्यापुढे १८ अंश. त्या पानावर मी सही केली, पण हात लगेच वर उचलला गेला नाही.

डावी बाजू अधिक उतरली होती आणि मेंदूच्या डाव्या बाजूकडे उजवा हात असतो, बहुतेकांची वाचाही. त्यामुळे त्या दिवशी घरी जाऊनही माझे मन त्या उजव्या हातापाशीच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अतिदक्षता विभागात गेले तेव्हा बाई जाग्या होत्या. श्वासनळीतील नळी अजून काढलेली नसल्याने त्यांना बोलता येत नव्हते. परिचारिकेने त्यांच्यापुढे पाटी धरली आणि पेन दिले. त्यांनी ते उजव्या हातात घेतले. अक्षर वाकडेतिकडे आले, एक वेलांटी रेघेबाहेर गेली, पण वाचता येत होते.

"किती वाजले?"

भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या पाठीमागे होते. मी त्यांना वेळ सांगितली, आणि वारही सांगितला.